वडिलांना ययाती ठरवण्याआधी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : वय ३६. हिंजवडीत नोकरी, बावधनला भाड्याच्या घरात बायको आणि सहा वर्षांची मुलगी. वडील ६९ वर्षांचे, निवृत्त. कर्वेनगरच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. आई तीन वर्षांपूर्वी गेली. बहीण नाशिकला. सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. ६२० चौरस फुटांच्या जागी ८०० फूट मोफत मिळणार, पण वडिलांना थ्री बीएचके हवा आहे. वरचे साडेतीनशे फूट विकत घ्यायला साधारण ४५ लाख लागतील. या वयात बँक त्यांना लांब मुदतीचं कर्ज देत नाही, म्हणून २० वर्षांचं कर्ज मुलाने काढावं असं ते म्हणतात. मुलाच्या मनात चाळिशीच्या आसपास नोकरी सोडून इतिहासाकडे वळायचं आहे. बारावीनंतर त्याला फर्ग्युसनला बी. ए. करायचं होतं, वडिलांनी इंजिनिअरिंगला घातलं. दहावीच्या सुट्टीत वि. स. खांडेकरांची 'ययाति' वडिलांनीच हातात ठेवली होती : शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेल्या ययाती राजाला मुलगा पुरू स्वतःचं तारुण्य देतो, ती कथा. परवा ते हसत म्हणाले, "एकदा पुरू हो की रे माझा." मुलगा विचारतो : "माणूस मुळात स्वार्थी असतो, आणि बाप झाला तरी तो मुलाचं आयुष्य मागायला कमी करत नाही, हेच या कादंबरीनं शिकवलं ना? मग मी पुरू व्हायचं की हात झटकून मोकळं व्हायचं? आणि ही कादंबरी त्यांना पुन्हा वाचायला देऊ का?"

---

वडिलांचं ते वाक्य तुम्हाला इतकं लागलं, कारण त्यातली उपमा खोटी नाही. उलट ती भलतीच नेमकी आहे. गृहकर्ज घरावर मिळतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात बँक ते पुढच्या पगारांकडे बघून देते. तुमच्या वडिलांकडे घर आहे, निवृत्तिवेतन आहे, पत आहे. नाहीत ती फक्त पुढची २० वर्षं. ती तुमच्याकडे आहेत, म्हणून सही तुमची हवी. ४५ लाखांना साडेआठ टक्क्यांनी महिना साधारण ३९ हजारांचा हप्ता बसतो, आणि शेवटपर्यंत फेडत राहिलात तर एकूण ९३-९४ लाख जातात. मोकळे व्हाल तेव्हा ५६ वर्षांचे असाल. हस्तिनापुरात ही अदलाबदल शुक्राचार्यांच्या उःशापाने झाली, तुमच्याकडे ती सिबिल स्कोअरने होईल.

तेव्हा व्यवहाराबद्दल तुमचं निदान बरोबर आहे. माणसाबद्दल मात्र तुम्ही घाई करताय, असं मला वाटतं. आणि ज्या पुस्तकाच्या आधारावर ही घाई चाललीये, ते पुस्तकच तुम्हाला तसं करू देत नाही.

'ययाति' आली १९५९ साली. १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, पुढे १९७४चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलंच. त्यामुळे ती घरोघरी पोचली आणि घरोघरी तिचा एकच सारांश झाला : भोग वाईट, संयम चांगला. दहावीच्या सुट्टीत वाचणाऱ्याच्या हाती एवढंच लागतं, त्यात त्याची चूक नाही. पण तिची बांधणी आठवून पाहा. ययाती बोलतो, त्याची राणी म्हणजे शुक्राचार्यांची मुलगी देवयानी बोलते, तिची दासी झालेली शर्मिष्ठा बोलते, आणि तिघंही 'मी' म्हणून बोलतात. देवयानीचं ऐकत असताना तिचा संताप पटतो. पुढे शर्मिष्ठा बोलायला लागली की तोच संताप अंगावर येतो. ययाती तर स्वतःचे सगळे गुन्हे स्वतःच सांगतो, आणि तरीही मधूनमधून त्याची दया येते, हे मला त्या कादंबरीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. मानवी स्वभावाबद्दल खांडेकर काही शिकवत असतील तर ते हे, की आपल्या गोष्टीत प्रत्येक जण स्वतःला अन्याय झालेला समजत असतो. राजासुद्धा.

तुमच्या पत्रात निवेदक एकच आहे. पत्रात तो एकच असणार, हे मान्य. म्हणून एक काम सांगते, करायला थोडं अवघड जाईल. एका संध्याकाळी बसा आणि वडिलांच्या जागी 'मी' लिहून एक पान भरा. त्यात काय काय येईल? तीन मजले चढताना दर जिन्यावर थांबावं लागतं हे येईल. ज्या घरात बायको गेली तिथे आता पाडकाम होणार, हे येईल. पोरगा बावधनला दर महिन्याला भाडं भरतो आणि त्यातून त्याचं काहीच होत नाही, हे तर नक्कीच येईल. त्या पिढीच्या डोक्यात भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा. मग तिसरी खोली कुणासाठी, हा प्रश्न येईल. नातीसाठी? की समोरच्यांनी थ्री बीएचके घेतला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कळलं म्हणून? दोन्ही शक्य आहे, दोन्ही एकत्रही असू शकतं. तुम्ही त्यांना हे विचारलं आहे का? पत्रात तरी तसं दिसत नाही. ४५ लाखांचा आकडा आहे, चौरस फूट आहेत, पण "तुम्हाला तिसरी खोली कशासाठी हवी?" हा प्रश्न कुठेच नाही.

कादंबरीतला ययाती आधी मरणाला घाबरतो आणि मग भोगाकडे पळतो. तिथला क्रम तो आहे. बायको गेल्यानंतर तीन वर्षांनी एका माणसाला अचानक मोठं घर हवंसं वाटतं, यात हाव असेलही. पण घर मोठं असलं की ते भरायला माणसं येतील, असा एक भाबडा हिशोबही त्यात असू शकतो. तुम्हाला तो ओळखता आला तर पुढचं बोलणं वेगळ्या वाटेने जाईल. एकटेपणावरचा उपाय साडेतीनशे फुटांत सापडतो की दर शनिवारी नात राहायला येण्यात, हा प्रश्न तरी दोघांसमोर येईल.

हे सगळं मी वडिलांची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. मागणीमागचं कारण समजलं म्हणून मागणी योग्य ठरत नाही. एकटेपणा खरा असला तरी त्याच्या बदल्यात दुसऱ्याची २० वर्षं मागायचा हक्क मिळत नाही, आणि ती मागणी विनोदाच्या वेष्टनात आली म्हणून हलकीही होत नाही. "पुरू हो की रे" असं हसत म्हणणं ही आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची जुनी युक्ती आहे. नकार दिला तर "अरे, गंमत केली" म्हणता येतं आणि होकार आला तर काम होतं.

आता "माणूस मुळात स्वार्थी असतो" या तुमच्या वाक्याकडे येऊ. त्याच कादंबरीत देवांसाठी जीव धोक्यात घालून शुक्राचार्यांकडे विद्या शिकायला गेलेला कच आहे. आपल्या लोकांवरचं संकट टळावं म्हणून राजकन्या असून दासी होणारी शर्मिष्ठा आहे. काही न मागता देणारा पुरू आहे. एवढी माणसं सोडून तुम्ही सिद्धांत बांधलात तो एका ययातीवर. आणि दुसऱ्या टोकाला ययातीचा भाऊ यती आहे, ज्याने सगळंच झटकून टाकलं आणि स्त्रीजातीच्या द्वेषापर्यंत जाऊन पोचला. तुम्ही विचारता, पुरू व्हायचं की हात झटकायचे. हात झटकणारा यती खांडेकरांना भोगी ययातीपेक्षा फार शहाणा वाटला नव्हता, एवढं लक्षात असू द्या.

एक गोष्ट जरा टोचेल. पत्रात इंजिनिअरिंगचा उल्लेख तुम्ही ओघात आल्यासारखा केलाय, पण त्या ओळींचा सूर बाकीच्या पत्रापेक्षा वेगळा आहे. १८ वर्षं उलटली तरी फर्ग्युसन अजून दुखतंय. दुखावं असंच ते होतं. फक्त तुम्ही 'नाही' म्हणणार आहात ते या कर्जाला की त्या बारावीच्या उन्हाळ्याला, हे आधी स्वतःशी वेगळं करा. देवयानीचं काय झालं? शर्मिष्ठेने विहिरीत ढकलल्याचा अपमान, त्याआधी कचाने प्रेम नाकारल्याचा सल. ते तिने कधी खाली ठेवलंच नाही. पुढचा प्रत्येक निर्णय तिने आजच्या प्रसंगावर घेतला असं तिला वाटत होतं, घेतला मात्र जुन्यावर. कर्ज नाकारायला तुमच्याकडे आजची पुरेशी कारणं आहेत. जुनं कारण त्यात मिसळलंत तर वडील त्या जुन्याचंच उत्तर देतील ("इंजिनिअर झालास म्हणून आज कर्ज मिळतंय"), आणि तुम्ही दोघं पुन्हा त्या बारावीच्या उन्हाळ्यात जाऊन भांडत बसाल.

पुरूबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचंय.

कादंबरीत तीन निवेदक आहेत आणि त्यांत पुरू नाही. ज्याचं तारुण्य गेलं त्याला स्वतःचं प्रकरण नाही. तो येतो, होकार देतो, आणि त्याच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला इतरांच्या तोंडून कळतं. आदर्श मुलगा म्हणून आपण ज्याला डोक्यावर घेतो, त्याची बाजू आपण कधी ऐकलेलीच नाही. तुम्ही पत्र लिहिलंत, म्हणजे एका अर्थाने पुरूने न केलेलं काम केलंत. तेच आता वडिलांसमोर करायचं आहे. "मला चाळिशीत नोकरी सोडायची आहे" हे त्यांना माहीत आहे का? पत्र दोनदा वाचून माझा अंदाज असा, की नाही. त्यांच्या दृष्टीने तुमची २० वर्षं अशीही त्याच नोकरीत जाणार आहेत, मग हप्त्याने काय बिघडलं? जे तारुण्य तुम्हाला दुसरीकडे खर्चायचंय ते तुम्ही त्यांना कधी दाखवलंच नसेल, तर ते रिकामं पडलंय असंच त्यांना वाटणार.

आणि ज्या चौघांनी नकार दिला त्यांचंही बघू. महाभारताच्या आदिपर्वात ययातीला पाच मुलगे आहेत. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नाही म्हणतात, धाकटा पुरू हो म्हणतो. नाही म्हणणाऱ्यांना बापाचा शाप मिळतो. थोरल्या यदूच्या वंशाला राज्य मिळणार नाही असं ठरतं. पुढे काय झालं? त्या यदूच्या कुळात कृष्ण जन्मला. आणि आज्ञाधारक पुरूच्या कुळात कौरव-पांडव. नकारामुळे कूळ बुडालं नाही आणि होकारामुळे घरात शांतता नांदली नाही, एवढं तरी यावरून म्हणता येतं. (हे मी एका व्याख्यानात बोलले तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मला नंतर गाठून सांगितलं की असं काही पोरांना शिकवू नका. तुम्ही पोर राहिलेला नाहीत, म्हणून लिहितेय.)

पत्रात आणखी एका माणसाला आवाज नाही : तुमची बायको. ती एका ओळीत येते, मुलीच्या शेजारी. गिरीश कार्नाडांनी हीच कथा १९६१ साली कन्नड नाटकात मांडली, तेव्हा त्यांनी पुरूला एक नवपरिणीत बायको दिली, चित्रलेखा. सासऱ्याला नवऱ्याचं तारुण्य मिळालं, मुलाचं नाव झालं, आणि हिला कुणी विचारलंच नाही. नाटकात ती विष घेते, आणि तिथे ययातीच्या त्या उसन्या तारुण्याचा खरा अर्थ त्याला पहिल्यांदा कळतो. कार्नाड ते नाटक लिहीत होते तेव्हा विशीच्या सुरुवातीला होते, शिक्षणासाठी ऑक्सफर्डला निघायच्या तयारीत, आणि घरात त्यावरून ताण होता. म्हणजे आई-बाप, मुलगा आणि निघून जाणं या विषयावर ते काही ग्रंथालयात बसून विचार करत नव्हते. तुमच्याबाबतीत महिना ३९ हजारांचा हप्ता दोघांच्या संसारातून जाणार आहे. थ्री बीएचके झाला तर त्यात राहायला जायचं की नाही, हाही तिचा प्रश्न आहे. वडिलांशी बोलण्याआधी तिच्याशी बोला, आणि तिला तुमचे चाळिशीचे बेत माहीत आहेत का तेही पाहा. नसतील तर आधी तिथेच बसा.

आता व्यवहाराचं. हे तुमच्यासारख्या पुष्कळांना उपयोगी पडेल, कारण कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत सध्या दर दोन गल्ल्यांआड एखादी इमारत पडते आहे आणि घरोघरी हीच बोलणी चालू आहेत.

पहिली गोष्ट, घर कुणाच्या नावावर आहे ते कागदावर बघा. तुमच्या आईचं नाव मालक म्हणून असेल, अर्ध्यापुरतं का होईना, आणि मृत्युपत्र नसेल, तर तिच्या हिश्शाला वडील, तुम्ही आणि नाशिकची बहीण असे तिघेही सारखे वारस आहात. सोसायटीत वडिलांचं नामनिर्देशन आहे म्हणून ते एकटे मालक होत नाहीत. तेव्हा बहिणीला वगळून घराबद्दल काही ठरवणं कायद्यानेही अडचणीचं आणि नात्यानेही.

दुसरी गोष्ट. तुम्ही नुसते सहकर्जदार झालात आणि मालक म्हणून नाव लागलं नाही, तर फेडीची जबाबदारी पूर्ण तुमची आणि घर कायद्याने तुमचं नाही, अशी अवस्था होते. हप्त्यावरची करसवलतही सहमालक असल्याशिवाय मिळत नाही. पैसा घालणारच असाल तर विकसकाबरोबरच्या कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात तुमचं नाव किती हिश्शाने येतंय, ते नोंदणीआधी वकिलाकडून तपासून घ्या. बापाशी कागद कसला करायचा, असं वाटेल. बहिणीसाठी करायचा असतो तो.

तिसरी गोष्ट म्हणजे मधले पर्याय, ज्यांचा तुमच्या पत्रात पत्ताच नाही. तुम्ही ४५ लाख किंवा शून्य असा वाद मांडलाय. मोफत मिळणाऱ्या ८०० फुटांत नीट बसणारा टू बीएचके एकट्या माणसाला लहान नाही, लिफ्ट त्यात येतेच. त्याहून थोडं वाढवायचं असेल तर शंभर-दीडशे फूट वडिलांनी स्वतःच्या ठेवीतून घ्यावेत. इमारत रिकामी करताना विकसकाकडून सभासदांना कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे मिळणार असतील तर तेही त्यांच्या हाताशी असतील. तुम्हालाही काही द्यायचं असेल तर किती, ते तुम्ही ठरवा : पाच लाख, दहा लाख, जे दिल्यावर चाळिशीचा बेत तसाच राहील. आणि ते भेट म्हणून द्या. परत मिळण्याची आशा ठेवून दिलेला पैसा बाप-लेकांत फार वाईट वास सोडतो. सगळे ४५ लाख द्यायचे आणि नोकरी ५६पर्यंत करायची, हाही पर्याय आहे, त्यात लाजिरवाणं काही नाही. शर्मिष्ठेने दास्य पत्करलं तेव्हा ते कुणासाठी आणि कशासाठी हे तिला स्वच्छ माहीत होतं. तुम्हालाही तसं माहीत असेल तर करा. संकोचापोटी सही केलीत तर दर महिन्याच्या पाच तारखेला वडिलांचा राग येईल, आणि त्यांना तो का येतोय हेही कळणार नाही.

माझं मत विचाराल तर, पूर्ण कर्ज काढू नका. पण नकार कचासारखा द्या. त्याने देवयानीला नाही म्हटलं, तिने दिलेला शाप घेतला आणि तरीही तिच्याबद्दल कडवट झाला नाही. नकाराला किंमत असते आणि ती नकार देणाऱ्यानेच भरायची असते. तुमच्या बाबतीत ती बहुधा अशी असेल : वडील काही आठवडे फोनवर एका शब्दात बोलतील, नातेवाइकांत "हल्लीची मुलं" सुरू होईल, एखादी आत्या मध्यस्थीला येईल. हे सगळं होऊ द्या. त्या आठवड्यांत रविवारचं जाणं मात्र चुकवू नका. बोलणं नसलं तर नसू दे, मुलीला घेऊन जा, त्यांच्याबरोबर जवळपास सावकाश एक फेरी मारून या.

कादंबरी त्यांना पुन्हा देऊ का, असं विचारलंत. देऊ नका. त्यांना निरोप लगेच कळेल आणि मग भांडण पुस्तकावर होईल, कर्जावर होणार नाही. त्यांच्याकडे त्या पुस्तकातली अवतरणंही तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील. 'न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति' हा महाभारतातला ययातीचाच श्लोक आहे, उपभोगाने इच्छा शमत नाही असं सांगणारा, आणि तो म्हणून दाखवत माणसं खुशाल तिसऱ्या खोलीच्या टाइल्स निवडतात. पुस्तक स्वतःसाठी काढा. छत्तिसाव्या वर्षी ते दहावीतल्यासारखं वाचता येणार नाही, आणि या वेळी ययातीचा भाग वाचताना तुमचा राग कुठे कुठे ढिला पडतो त्याकडे लक्ष द्या.

शेवटचं, वेळेबद्दल. सोसायटीची सभा आली, उद्याच सांगायचंय, असा धाक अशा घरांत नेहमी घातला जातो. पुनर्विकासाच्या संमतीवरची वडिलांची सही आणि जादा जागेचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमती त्यांनी खुशाल द्यावी. जादा फुटांचा आकडा करारनोंदणीच्या आधी कोणत्या तारखेपर्यंत कमी-जास्त करता येईल, ते विकसकाला लेखी विचारून घ्या. ती तारीख कळली की उलट मोजा, आणि तिच्या निदान महिनाभर आधी वडिलांशी पहिलं बोलणं करा. बहिणीला त्या दिवशी पुण्याला यायला सांगा.